खाडे

पहिला आणि तिसरा शनिवार, अकरा ते एक.
धुळ्याच्या कोर्टात मागच्या जिन्याखाली
एक खोली आहे, तिला मुलांची खोली म्हणतात.
प्लास्टिकची घसरगुंडी, तीन पायऱ्यांची.
भिंतीवर जिराफ. जिराफाच्या मानेवर ओल.

आम्ही पावणेअकरालाच येतो.
सुपडूभाऊ रजिस्टर उघडतात,
माझी सही घेतात, मग हिमानीचीही, हौसेनं.
ती पहिल्या वेलांटीला दुसरी करते. ते तसंच ठेवतात.
आई हजर. अपत्य हजर.
पिता,
आणि तिथे पेन थांबतं.

पिता रस्त्यापलीकडे आहे.
रसवंतीच्या बाकावर, हेल्मेट मांडीवर,
दर वेळी इस्त्रीचा शर्ट.
गेटच्या आत येत नाही.
फोनवर म्हणतो, मन्ही पोरले मी चोरना मायक काबर भेटू?
कोण्या बाईसमोर, घड्याळ लावून?
आण तिला इकडे. दोन मिनिटं. रस पाजतो.

दोन मिनिटं.
मागच्या होळीला असाच रस पाजायला नेली होती,
ती अकरा दिवसांनी सुरतहून आली,
केसांत उवा, हातात नवी बाहुली.
रात्री झोपेतून उठून माझ्या नाकाखाली बोट धरायची,
मी आहे ना, बघायला.
तेव्हापासून हुकूम आहे: भेट मॅडमच्या समक्ष.

मी गेटपर्यंत जात नाही.
भामरे मॅडम म्हणाल्या, वाद घालू नका, तारीख लिहा.
म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर
दुधाच्या खाड्यांशेजारी त्याचेही खाडे मांडते.
पोरीसमोर त्याला नावं ठेवत नाही.
ती ठेवते फौजदारी डाळीला फोडणी देताना,
एक्झॉस्ट फॅन चालू करून.

वकील शिंपीसाहेब खूश आहेत.
ताई, रिकामा रकाना फार बोलतो कोर्टात.
अजून दोन भरू द्या, म्हणजे रिकामे राहू द्या,
मग अर्ज टाकू, भेटच बंद.
मी हो म्हटलं.
देवपूरच्या पुलावर येईपर्यंत टिकलं ते हो.

आज त्यानं सुपडूभाऊंच्या हाती गुडीशेव पाठवली.
बाहेरचा खाऊ चालत नाही. तसं लिहावं लागतं:
गुडीशेव, पाव किलो, परत.
कागदातून तेल फुटलेलं, टेबलावर डाग राहिला.
हिमानीनं डागावर बोट फिरवलं आणि चाटलं.
मॅडम जिराफाकडे बघत राहिल्या.

"पप्पाला आत यायची भीती वाटते?"
माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.
"मला पण वाटायची बालवाडीत.
मग बाई बाहेर आल्या होत्या."

टेबलावरचं पेन सुतळीनं बांधलेलं आहे.
पेनं चोरीला जातात म्हणे. कोर्टात.
मी ओढून पाहिलं,
उंबऱ्यापर्यंतसुद्धा पुरत नाही.

सोमवारी शिंपीसाहेबांना म्हटलं, अर्ज लिहा.
भेट बंद करायचा नाही.
लिहा की खोली तीच, घड्याळ तेच, मॅडम तशाच बसतील,
पोर गेटबाहेर जाणार नाही.
फक्त एकदा, एकाच शनिवारी,
मॅडमनी रस्ता ओलांडून जावं
आणि त्याला आत घेऊन यावं.
बालवाडीचं मात्र लिहू नका.
त्यांनी चष्मा काढला. हे कशात बसत नाही, म्हणाले.
आणि आला नाही तर?
तर रकाना आहेच, म्हटलं. मग तुम्ही म्हणाल तसं.
त्यांनी चष्मा पुसला, कोरा कागद ओढला.

तारीख पडली आहे. एकोणीस.
त्या चौकोनात मी अजून काही मांडलेलं नाही.
हिमानीनं मांडलंय, हिरव्या खडूनं.
जिराफ असावा.
लांब मानेचं काहीतरी,
पाय चौकोनाच्या बाहेर, अठरामध्येच,
तोंड तेवढं आत.